निरोपाच्या भाषणात सहकाऱ्याला ‘ब्लू-आइड बॉय’ म्हणावं का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीच्या ऑफिसात साहेबांचा निरोप समारंभ आहे, भाषण इंग्रजीत करायचंय, त्यात साहेबांच्या लाडक्या सहकाऱ्याला ‘ब्लू-आइड बॉय’ म्हटलं तर चालेल का. नका म्हणू.

त्यात कौतुकापेक्षा आरोप जास्त आहे. आपण ‘हा साहेबांच्या खास मर्जीतला’ म्हणतो तेव्हा जो सूर असतो, तोच इथे लागतो: याला मिळालं ते कामामुळे नव्हे, वशिल्याने. तुम्हीच लिहिलंय की हा माणूस मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसून हिशेब जुळवतो. त्याच्या कष्टांवर भर सभेत पाणी कशाला ओतायचं? शिवाय कोकणात घाऱ्या डोळ्यांची माणसं कमी नाहीत. काहीजण ‘निळ्या डोळ्यांचा मुलगा’ असा शब्दशः अर्थ घेऊन त्याचे डोळेच बघत बसतील. अमेरिकेतला ‘फेअर-हेअर्ड बॉय’ही, म्हणजे ‘सोनेरी केसांचा मुलगा’, याच जातीचा. ‘टीचर्स पेट’ तर वर्गात चिडवायलाच वापरतात.

‘द ॲपल ऑफ हिज आय’, म्हणजे एखाद्याचा अतिशय लाडका माणूस, हा शब्दप्रयोग मात्र निखळ मायेचा आहे, आणि मला फार आवडतो. इथलं ॲपल म्हणजे खायचं फळ नव्हे. जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या बाहुलीला तसं म्हणत, कारण ती एक भरीव गोळी आहे असा समज होता. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘मला डोळ्याच्या बाहुलीसारखं जप’ अशी देवाला केलेली विनवणी याच शब्दांत आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘डोळ्यातला छोटा माणूस’ असा लावतात. आपणही बाहुलीच म्हणतो. लहान मुलाच्या डोळ्यांत जवळून बघा, आपलंच इवलंसं रूप दिसतं.

पण हा शब्दप्रयोग घरातला. चतुर्थीला नैवेद्य झाला की माझी आई पहिला वाफाळता मोदक नातीच्या पानात ठेवते, स्वतः फोडून त्यावर तूप सोडते, आणि ती खाईपर्यंत तिथून हलत नाही. ती नात म्हणजे ‘द ॲपल ऑफ हर ग्रँडमदर्स आय’. कुणाची लाडकी ते असं सांगावं लागतं, आणि ‘आय’ एकवचनीच ठेवायचा. साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यासाठी हे फार लाडिक होईल.

तुम्ही ‘सर्स राइट-हँड मॅन’ म्हणा. आपल्या ‘उजवा हात’सारखाच असल्याने सगळ्यांना कळेल. फक्त आधी मार्चअखेरीच्या त्या रात्रींबद्दल दोन वाक्यं बोला.