डावीकडची साधी बस, उजवीकडची शिवशाही

प्रश्न : मी प्रबंधासाठी एसटी प्रवाशांचे सर्वेक्षण केले. प्रत्येक कार्डावर डावीकडे साधी बस व उजवीकडे शिवशाही होती. भाडे आणि प्रवासाचा वेळ कार्डागणिक बदलत होते. बहुतेकांनी डावा पर्याय निवडला. हा क्रमाचा परिणाम असेल का, आणि आता तो विश्लेषणात दुरुस्त करता येईल का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : परिणाम असू शकतो, परंतु हाती असलेल्या माहितीतून तो वेगळा काढता येणार नाही. साधी बस कायम डावीकडेच असल्यामुळे प्रतिमानातला (निवडीचे स्पष्टीकरण देणाऱ्या गणिती सूत्रातला) तिचा स्थिरांक, म्हणजे भाडे व वेळ वगळून त्या बसकडे उरणारा ओढा, प्रवाशांची मूळ आवड आणि डाव्या जागेचा फायदा यांची बेरीज दाखवेल, आणि ती बेरीज कोणतेही सॉफ्टवेअर फोडू शकत नाही. पर्यायांना नावे न देता केवळ ‘अ’ आणि ‘ब’ म्हटले असते, तर हा स्थिरांक शून्याच्या आसपास यायला हवा होता, आणि तो तसा न आल्यास जागेवर संशय घेता आला असता.

प्रवाशांना कारण विचारूनही उपयोग होत नाही. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्राहकांपुढे नायलॉन मोज्यांचे चार अगदी एकसारखे जोड मांडले होते. सर्वांत डावीकडचा 12 टक्के लोकांनी निवडला, तर सर्वांत उजवीकडचा 40 टक्के लोकांनी, आणि जागेचा प्रभाव पडला का, असे थेट विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी तो नाकारला. इथे कल उजवीकडे होता, हेही ध्यानात घ्यावे : कल कोणत्या बाजूला असेल हे गृहीत धरता येत नाही. छापील यादीत बहुधा पहिल्या पर्यायांना लाभ होतो, तर प्रगणकाने वाचून दाखवलेल्या यादीत शेवटचे पर्याय स्मरणात राहतात.

शक्य असल्यास नव्या प्रवाशांचा एक छोटा गट घ्यावा आणि त्यातील निम्म्यांना उलट मांडणीची कार्डे द्यावीत. ते जमणार नसेल, तरी प्रबंध वाया जात नाही. भाडे व वेळ यांच्या सहगुणकांना (त्यांचा निवडीवर किती प्रभाव पडतो हे सांगणाऱ्या आकड्यांना) या दोषाची झळ तुलनेने कमी लागते, त्यामुळे वाचलेल्या वेळेसाठी प्रवासी किती पैसे मोजतील हा निष्कर्ष सावधपणे मांडता येईल. ‘प्रवाशांना साधी बसच आवडते’ हे विधान मात्र करू नये.

पुढच्या वेळी बसची जागा कार्डागणिक चिठ्ठी टाकून ठरवावी. भाडे आधी की वेळ आधी, हा क्रम मात्र एका प्रवाशासाठी कायम ठेवून प्रवाशागणिक बदलावा, अन्यथा कार्ड वाचणेच जिकिरीचे होते. नुसत्या अदलाबदलीने कल नाहीसा होत नाही, तो दोन्ही बसमध्ये सारखा वाटला जातो. म्हणून कोणाला कोणता क्रम दिसला याचा रकाना माहितीच्या तक्त्यात अवश्य ठेवावा.