आजोबांची हलकी ब्राउनिंग ऑटो-५, म्हणजे काडतूस आपोआप भरणारी छऱ्यांची बंदूक, माझ्या परवान्यावर आली आहे. कोकणात तिने शिकार करता येईल का, आणि ती सांभाळायची कशी?

शिकार करता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. हातात बंदुकीचा परवाना असला तरी तो शिकारीचा नाही. डुकरं भातात घुसत असतील तर वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. जनावर मारायचंच झालं तर त्या खात्याचा लेखी आदेश लागतो. त्याशिवाय रात्री बागेत बार काढू नका, वाडीतले कितीही मागे लागोत.

आता बंदुकीचं. अगदी हीच आमच्या घरात आहे, वेंगुर्ल्याकडे. साठच्या दशकात वडील तिने खाजणात बदकं मारायचे आणि मी मागून रिकामी काडतुसं वेचायचो. कागदी असायची, हातात घेतली की गरम. ती बाहेर पडतात कशी हे मला पुष्कळ वर्षांनी, बंदूक स्वतः उघडल्यावर कळलं. बार झाला की नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) एकमेकांत अडकलेले, दोन्ही मिळून मागे येतात. मग बोल्ट मागेच थांबतो, नळी एकटी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. म्हणून खांद्याला धक्का दोनदा लागल्यासारखा वाटतो. जॉन ब्राउनिंगने ही रचना केली आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९०२ च्या सुमारास बनवायला घेतली. पुढे जवळजवळ शतकभर ती बनत राहिली. इतकी नळी मागे-पुढे धावते, तरी हलक्या मॉडेलचा तोल इतका छान की दिवसभर सड्यावर फिरलं तरी हात भरून येत नाही.

पुढच्या लाकडाखाली, काडतुसांच्या नळकांड्यावर एक मोठी स्प्रिंग आहे. तिच्यासोबत मागे येणाऱ्या नळीला आवरणारा कांस्याचा ब्रेक आणि एक पोलादी कडं असतं. भारी काडतुसांसाठी कडं स्प्रिंगच्या पुढे, ब्रेकला लागून, उताराची बाजू ब्रेककडे. हलक्या काडतुसांसाठी तेच कडं स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या पेटीला (बोल्ट सरकतो त्या पोलादी भागाला) टेकून. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली आमची बंदूक परत आली तेव्हा तिच्यावर तांबूस गंज होता. मी ती खोलून पुसली आणि कडं मागेच बसवलं. रेंजवर भारी काडतुसं घातली. तिसऱ्या बारानंतर पुढच्या लाकडाला केसाएवढी चीर दिसली. लाकूड तसंच सुतारी डिंकाने सांधून आजही वापरतोय, पण मनाला फार लागलं. तुम्ही पहिला बार काढण्याआधी हे कडं बघाच. नळकांड्यावर तेलाचा नुसता हात फिरवा. जास्त झालं तर ब्रेक धरत नाही, अगदी कोरडं राहिलं तर जास्तच धरतो.

नळीवर चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेची, लांबी बघा, ६५ मिलिमीटर की ७०. ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस घालू नका. आजोबांच्या पेटीत जुनी कागदी काडतुसं निघाली तर पावसाळ्यातल्या दमटपणाने ती फुगलेली असतील, ती वापरू नका.

आणि एक गोष्ट दुनळीची सवय असलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. दुनळी मोडून खांद्यावर टाकली की रिकामी आहे हे चारचौघांना दिसतं. ऑटोचं तसं नाही. बार झाला की दुसरं काडतूस आपोआप आत गेलेलं असतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. गडगा चढायचा असेल, व्हाळ ओलांडायचा असेल, तर वडील सगळी काडतुसं काढून, बोल्ट मागे ओढून, चेंबरमध्ये बोट घालून बघायचे. मगच बंदूक माझ्या हातात. मला सांगायचे, “समोर पक्षी आसा ता दिसतला, पण मागे कोण आसा ता आधी बघ.”

परवान्यावर बंदुकीचा प्रकार कसा नोंदलाय तेही नीट तपासा. सेमी-ऑटोमॅटिकचा वर्ग साध्या दुनळीहून वेगळा आणि जास्त कडक आहे, तेव्हा नोंद चुकीची असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी दुरुस्त करून घ्या, आणि तोवर बंदूक घराबाहेर काढू नका.