ग्रामपंचायतीत फायबरची पेटी आली, मग घरात इंटरनेट का नाही?

तुम्ही विचारलंय की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची, म्हणजे गावोगावी फायबर नेण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेची, पेटी बसून पाच वर्षं झाली, तिच्यावर लाल दिवा लागलेला असतो, आणि गाव अजून मोबाईलच्या दोन काड्यांवरच आहे. सरकारचे हजारो कोटी मग गेले कुठे?

मी माणदेशात केबलचा धंदा करतो. आधी टीव्हीची केबल होती, २०१६ पासून फायबरचं इंटरनेट. अकरा गावं आणि सातशेच्या आसपास कनेक्शनं. दिल्लीतलं धोरण मला वर्तमानपत्रातून कळतं, पण तुमचा लाल दिवा मी रोज बघतो.

फायबर म्हणजे काचेची तार, तिच्यातून इंटरनेट प्रकाशाच्या रूपात येतं. लाल दिवा म्हणजे पेटीपर्यंत तो प्रकाशच पोचत नाही. पेटी बहुधा ठणठणीत असते, केबल वाटेत कुठेतरी तुटलेली असते. योजनेच्या पहिल्या रचनेत तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं प्रकाश पाठवणारं यंत्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत ओएनटी, म्हणजे तुमची पेटी, असा मामला होता. ग्रामपंचायतीमागे १०० एमबीपीएस मिळणार होते. पण तार एकाच वाटेने जायची. सातव्या किलोमीटरला तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. पर्यायी वाटच नव्हती.

आता ती तुटते कशामुळे? कागदावर चर १.६५ मीटर खोल. आमच्याकडे हातभर माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण. दीड फुटावर टाकलेला डक्ट, म्हणजे तारेची नळी, मी डोळ्यांनी पाहिलाय. कुणी टाकला ते सोडा, बिल निघालं असणार. पुढे रस्त्याचं रुंदीकरण येतं, नळयोजनेची पाईपलाईन येते, जेसीबीवाल्याला खाली काय आहे याची कल्पना नसते. तो तार उचकटतो आणि वर माती ओढून निघून जातो. माझी तार तुटली की दहा मिनिटांत फोनवर शिव्या सुरू होतात, कारण कुणाची तरी मॅच अडलेली असते. मी मुलाला गाडीवर तार सांधायचं स्प्लायसिंग मशीन देऊन पाठवतो, दोन तासांत जॉइंट होतो. ग्रामपंचायतीची तार तुटल्यावर फोन कोण करणार? पेटीवर एकही गिऱ्हाईक नाही. सरपंचाला नंबर माहीत नाही, संगणक परिचालक स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढतो. ज्याने तार टाकली त्याला पैसे मीटरवर मिळाले, चालू ठेवण्यावर नाहीत. माझ्या मते सगळं पाणी इथेच मुरतं.

तारखा बघा. २५ ऑक्टोबर २०११ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा नाव होतं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क. अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे २० हजार कोटी आणि मुदत दोन वर्षं. २०१५ मध्ये नाव बदलून भारतनेट झालं. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ ला पुरा झाला. आज सरकारी नोंदीत दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायती ‘सेवासज्ज’ आहेत. या शब्दावर जरा थांबा. सेवासज्ज म्हणजे सेवा सुरू आहे असं नव्हे. तार आली, पेटी लागली, चाचणीच्या दिवशी दिवा हिरवा झाला. घर बांधून कुलूप लावलं तरी ते राहण्यासज्जच असतं.

पैसा कुणाचा, हेही सांगतो. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा सेवा-दायित्व निधीत जातो. हा निधी २००२ पासून आहे, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. म्हणजे तुमच्या रिचार्जमधलेही चार पैसे त्यात आहेत. तेव्हा विचारायचा हक्क तुम्हाला पुरेपूर आहे.

काही जण म्हणतील, मोबाईल आहे की, तार कशाला हवी? ई-पीक पाहणीच्या शेवटच्या आठवड्यात बांधावर फोटो अपलोड होत नाही म्हणून टेकडीवर चढलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि टॉवर स्वतः कशावर चालतो? जिथे टॉवरपर्यंत फायबर नाही तिथे सगळं गाव एका हवेतल्या लिंकवर भागवतं, आणि संध्याकाळी सगळे एकदम बसले की ती गुदमरते.

विजेचीही कथा आहेच. एका ग्रामपंचायतीत मला बोलावलं, तर पेटीच्या प्लगमध्ये पाण्याचा कूलर लावलेला. हसू नका, उन्हाळा होता, आणि पेटी तशीही चालत नव्हती.

तार शाबूत असली तरी ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर उरतंच. पहिल्या योजनेचं काम पेटीपाशी संपत होतं. पुढे कुणीतरी खांबावरून ड्रॉप, म्हणजे घरापर्यंतची बारीक तार, ओढायचा, राउटर द्यायचा, महिन्याला चारशे रुपये वसूल करायचे, आणि ऊसबिल आल्यावर देतो म्हणणाऱ्यासाठी थांबायचं. हे मुंबईच्या कार्यालयातून होत नाही, ज्याला घरं ओळखू येतात त्यालाच जमतं. माझं गणित असं की तीनशे उंबऱ्यांच्या गावात चाळीस कनेक्शनं टिकली तर माणसाचा पगार आणि डिझेल सुटतं. वीसवर राहिलं की मी पदरचे घालतो. म्हणूनच माझ्याच तालुक्यातल्या चार वाड्यांवर मी गेलेलो नाही. खाजगी माणूस तिथे आपणहून जाणार नाही, मीही नाही. सरकारचा पैसा खरा तिथे लागायला हवा.

ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात या चुका कुणीतरी ओळखलेल्या दिसतात. सरळ रेषेऐवजी रिंग, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून प्रकाश येतो. दहा वर्षांची देखभाल करारातच आहे, आणि देखभालीचे पैसे सेवेच्या दर्जाशी बांधलेले आहेत. ग्रामपंचायतीबाहेरच्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी. घराघरांतलं काम बीएसएनएलसोबत उत्पन्न वाटून घेणाऱ्या स्थानिक उद्योजकाकडे. आकडा मोठा असला तरी मला तो २०११ च्या वीस हजार कोटींपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात राखणदारीचा खर्च धरलाय. माझी शंका एकच आहे: दंड खरोखर कापला जाईल का? तालुक्याच्या पातळीवर ठेकेदाराला दंड लागलेला मी अजून तरी पाहिलेला नाही.

केरळ सरकारचं स्वतःचं फायबर जाळं, केफॉन, तेही बघण्यासारखं आहे. ५ जून २०२३ ला सुरू झालं. तिथे वीज मंडळच भागीदार आहे, त्यामुळे खोदकामाऐवजी बरंचसं काम विजेच्या खांबांवरून झालं. लटकती तार वाऱ्याने तुटते हे खरं, पण कुठे तुटली ते खालून दिसतं. गरिबांना मोफत जोडणीचं लक्ष्य २० लाख घरांचं होतं, सुरुवात मात्र प्रत्येक मतदारसंघात शंभर, अशी १४ हजार घरांपासून केली. तिथेही घरापर्यंत केबलवालेच पोचतात. (आमच्या धंद्यातली माणसं सगळीकडे सारखीच, रविवारी फोन उचलत नाहीत.)

आता तुम्ही काय करायचं? लाल दिव्याचा तारखेसह फोटो काढा. ग्रामसेवकाकडून पेटीचा क्रमांक लिहून घ्या आणि तालुक्याच्या बीएसएनएल कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तुमचा तालुका नव्या योजनेच्या कोणत्या पॅकेजमध्ये, म्हणजे कोणत्या ठेक्यात, आहे आणि देखभाल कोणाकडे, हे त्याच अर्जात विचारा. वाडी वेगळी असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडा, कारण जोडणी मागणीवर आहे आणि मागणी कागदावर लागते. आणि गावातल्या केबलवाल्याला चहाला बोलावून पंचवीस-तीस घरांची नावं हातात ठेवा. तोंडी ‘सगळे घेतील’ म्हणून मला आजवर अनेकांनी सांगितलंय, कनेक्शन घेताना त्यातले निम्मे गायब. नावांपुढे सह्या असल्या तर तो तुटीची जागा शोधायचं ओटीडीआर यंत्र घेऊन स्वतःच येईल. दिवा हिरवा झाला की पहिला ड्रॉप शाळेत टाकून घ्या, अंतर अर्धा किलोमीटरच्या आत असेल तर एका दुपारचं काम आहे.