हिरव्या दिव्याला मराठी येत नाही

या महिन्याच्या टपालात (ई-मेलच असतात, पण छापखान्यातली सवय, मी टपालच म्हणते) निम्म्याहून जास्त पत्रं एकाच रडगाण्याची आली. ब्लॉग लिहिला, प्लगइन (वर्डप्रेस या ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचं जादा साधन) बसवला, तरी गूगलवर सापडत नाही. म्हणून या वेळी थालीपीठ आणि ट्राम एकाच पंगतीला बसवली आहेत.

प्रश्न : ताई, मी दादरला हिंदू कॉलनीत राहते. दोन वर्षांपासून वर्डप्रेसवर उपासाच्या पदार्थांचा ब्लॉग लिहिते. भाच्याने योस्ट नावाचा प्लगइन बसवून दिला. त्यात लेखाखाली लाल, नारिंगी, हिरवे दिवे लागतात. माझा थालीपिठाचा लेख काही केल्या हिरवा होत नाही. ‘उपासाचे थालीपीठ’ हे शब्द चौदा वेळा घातले. आता तो लेख मलाच वाचवत नाही. काय चुकतंय?

उत्तर : चौदा वेळा थालीपीठ ऐकल्यावर उपास असलेल्यालाही भूक राहायची नाही हो!

तुमचा लेख मी उघडून वाचला. पहिल्या परिच्छेदात सासूबाईंची भाजणी आहे. वरी, राजगिरा, साबुदाणा वेगवेगळे भाजायचे, घाई करायची नाही, दळून आणल्यावर गरम पिठाचा डबा लगेच बंद करायचा नाही. ते वाचून मी उठून स्वतःचे डबे बघून आले. आणि दुसऱ्या परिच्छेदापासून ‘उपासाचे थालीपीठ करताना उपासाचे थालीपीठ मऊ होण्यासाठी’ सुरू झालं. तिथून पुढे तुम्ही दिव्यासाठी लिहिलं आहे.

दिव्याची अडचण अशी आहे, की त्याला विभक्ती येत नाही. तुम्ही ‘थालीपीठ’ हा शब्द त्याला दिलात, की तो जसाच्या तसा तेवढाच शोधतो. मराठीत आपण थालीपिठाला भोकं पाडतो, थालीपिठावर तूप सोडतो, थालीपिठांचं पीठ भिजवतो. ‘पी’ दीर्घ होती ती ऱ्हस्व झाली, पुढे प्रत्यय लागला, आणि प्लगइनच्या लेखी थालीपीठ लेखातून गायब. इंग्रजी आणि अशाच काही भाषांची शब्दरूपं ओळखायला त्याला शिकवलेलं आहे. मराठी त्या यादीत नाही. म्हणजे तुम्ही सरळ, घरगुती मराठी लिहिलंत म्हणून तो लाल होतो, आणि सामान्यरूप टाळून तारेच्या भाषेत लिहिलंत तर हिरवा होईल. अशा परीक्षकाकडून किती मनाला लावून घ्यायचं?

दुसरी गंमत तुमच्या सेटिंगमध्ये असावी, असा माझा दाट संशय आहे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’ उघडा आणि साइटची भाषा बघा. भाच्याने ती इंग्रजीच ठेवलेली असेल. तसं असेल तर प्लगइन तुमची पाककृती इंग्रजी समजून तपासतोय. वाक्यं जोडणारे ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ असले शब्द तो तुमच्या भाजणीत शोधतोय आणि मिळत नाहीत म्हणून लाल होतोय. भाषा ‘मराठी’ निवडा, ही तपासणी आपोआप बंद होते. तुम्हाला स्वतःला आतले मेनू इंग्रजीतच हवे असतील, तर आपल्या प्रोफाइलमध्ये वेगळी भाषा ठेवता येते. गूगल पानाची भाषा समोरच्या मजकुरावरून ओळखतं, त्यामुळे या बदलाने शोधातला क्रमांक चढणार नाही. पण दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारी सॉफ्टवेअरं भाषेची ही खूण बघतात. तेवढ्यासाठी तरी हे कराच.

मग प्लगइन ठेवायचा कशाला? तो काही कामं चोख करतो. गूगलच्या यादीत दिसणारं शीर्षक आणि त्याखालच्या दोन ओळी तुम्हाला हव्या तशा लिहू देतो. साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, बनवून ठेवतो. एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसत असेल तर खरा पत्ता कोणता, हे सांगतो. त्या दोन ओळींनी क्रमांक वाढत नाही आणि कित्येकदा गूगल त्या बाजूला सारून लेखातलंच एखादं वाक्य उचलतं. तरी त्या लिहा, कारण वाचणारा माणूस त्याच बघून बोट ठेवतो. आणि ज्या चौकटीत तुम्ही तो चौदावेळचा शब्द भरलात, ती चौकट गूगलला दिसतच नाही, ती फक्त तुमच्या तपासणीसाठी आहे. पूर्वी पानाच्या पोटात ‘कीवर्ड’ची यादी लिहायची पद्धत होती. क्रमांक लावताना ती आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं. गिरगावातले दोन वेब-डिझायनर अजून त्याचे वेगळे पैसे लावतात, हे मला माहीत आहे.

पाककृतीसाठी खरा उपयोगी प्लगइन वेगळाच. ‘डब्ल्यूपी रेसिपी मेकर’सारखा एखादा घ्या. त्यात साहित्य, वेळ, किती जणांसाठी आणि फोटो वेगवेगळ्या रकान्यांत भरायचे. यंत्राला कळेल अशा साच्यात तो ते मांडतो, मग शोधात फोटो आणि वेळेसकट पाककृती दिसण्याची शक्यता तयार होते. शक्यता म्हणाले, हमी नाही.

आणि गूगल सर्च कन्सोल जोडा. फुकट आहे. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, ते त्यात मागच्या १६ महिन्यांचं दिसतं. कुणी ‘उपवासाचं’ लिहितं, कुणी ‘उपासाचे’, बरेच जण रोमन लिपीत. ती यादी वाचा आणि पुढचा लेख त्यातल्या खऱ्या प्रश्नावर लिहा. ‘थालीपीठ तव्याला का चिकटतं’ असं कुणीतरी नक्की विचारलेलं असणार.

प्रश्न : मी बेस्टमधून निवृत्त झालो, मुलुंडला असतो. वय ७६. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेलेली मुंबईची शेवटची ट्राम मी शाळकरी वयात पाहिली. त्यावर आणि जुन्या बसमार्गांवर चाळीसेक लेख ब्लॉगवर टाकले आहेत. मी ते संगणकावर जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करतो, फाँट बिघडू नये म्हणून पानाचा फोटो करून चढवतो. एसईओचा (म्हणजे गूगलच्या शोधात वर येण्यासाठीचा) कोणता प्लगइन घेऊ म्हणजे हे लोकांना सापडेल?

उत्तर : काका, आधी तुमच्या ट्रामला रुळावर आणू, प्लगइन नंतर.

तुम्ही ज्या फाँटमध्ये टाइप करता तसल्याच फाँटमध्ये मी खोताच्या वाडीजवळच्या एका छापखान्यात एकोणीस वर्षं मजकूर लावला. त्या फाँटांची लबाडी मला पाठ आहे. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षर किंवा भलतीच खूण असते. फाँट काढला की उरते चिन्हांची भेळ. फोटो करून तुम्ही भेळ झाकलीत, पण मजकूरही झाकला गेला. गूगलच्या दृष्टीने तुमच्या ब्लॉगवर चाळीस चित्रं आहेत. चित्रांना ठेवलेली नावंही कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांचीच आहेत, मी बघितली. जगातला कुठलाही प्लगइन याच्यावर इलाज करू शकत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा असलेल्या पद्धतीत, यायला हवा. मूळ फाइली जपून ठेवल्या असतील तर रूपांतर करणारी साधनं मिळतात. पण रूपांतर झाल्यावर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करा. रफार एक घर सरकतो, पहिली वेलांटी मागच्या अक्षरावर चढते, ‘ऱ्या’चं काहीतरी तिसरंच होतं. एका बैठकीत दोन लेख, त्याहून जास्त नको. पुढचे लेख मात्र थेट युनिकोडमध्ये टाइप करा. मोबाइलवर नातवंडांना मराठीत मेसेज पाठवत असाल तर ते युनिकोडच. म्हणजे तुम्ही त्यात टाइप करताच आहात.

आता पत्त्याची गोष्ट. तुमच्या एका लेखाचं शीर्षक आहे ‘आमच्या मुंबईची शेवटची ट्राम मी पाहिली होती’. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं. पत्त्यातली प्रत्येक देवनागरी खूण, काना-मात्रा-हलन्त सगळे सुटे धरून, आतल्या आत टक्क्याचं चिन्ह आणि आकडे-अक्षरं मिळून नऊ खुणांची होते. पत्त्याला जागा २०० खुणांची. हिशेब करा, बावीसच्या आसपास खुणा झाल्या की गाडी थांबते. तुमचा पत्ता ‘आमच्या-मुंबईची-शेवटची-ट्’ इथे तुटलाय. ट्राम ‘ट्’वरच उभी आहे, काका!

यात गूगल काही बिघडवत नाही, त्याला देवनागरी पत्ते चालतात. बिघडतं ते माणसांचं. असा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्यांची मालगाडी निघते आणि लोक व्हायरस समजून उघडत नाहीत. माझं मत, लेख पूर्ण देवनागरीत आणि पत्ता रोमनमध्ये छोटासा, ‘शेवटची ट्राम’ एवढाच. छापायचं बटण दाबण्याआधी तो रकाना हाताने भरा. जुन्या लेखाचा पत्ता बदललात तर वर्डप्रेस बहुतेक वेळा जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं. तरी एकदा जुना पत्ता टाकून बघा, आणि नाहीच गेला तर ‘रिडायरेक्शन’ नावाचा मोफत प्लगइन आहे. तिकिटाचा पंच तपासायची सवय तुम्हाला मी काय सांगणार.

एवढं झालं की मग योस्ट घ्या, नाहीतर दुसरा कुठलाही.

प्रश्न : योस्ट चांगला की रँक मॅथ? मी दोन्ही टाकलेत. (बोरिवली)

उत्तर : दोन्ही एकाच कामाचे प्लगइन आहेत, कोणताही एक ठेवा. दोन्ही असले तर दोघंही पानावर आपापलं शीर्षक आणि आपापला साइटमॅप लावतात. एका पंगतीला दोन वाढपी असले की एकाच पानात दोनदा मीठ पडतं. एक आजच काढा. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, साधा साइटमॅप तर प्लगइनशिवायही मिळतो.

प्रश्न : मावशी, मी लालबागला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईच्या फराळाच्या ऑर्डरसाठी ब्लॉग काढला. पैसे देऊन मिळणारा एसईओ प्लगइन एका ग्रुपवर फुकट मिळाला म्हणून टाकला. आता गूगलवर आमच्या नावाखाली जपानी भाषेतली पानं दिसतात. आई म्हणते, जपानहून ऑर्डर येणार का?

उत्तर : आईला म्हणावं, चकलीचा साचा तयार ठेवा, पण जपानी माणूस यायचा नाही.

हा ठरलेला प्रकार आहे. अशा फुकट प्रतीत मधल्यामध्ये कुणीतरी स्वतःचा कोड घालून ठेवतं. तो तुझ्या साइटवर शेकडो जपानी पानं उभी करतो, भलत्याच दुकानांच्या जाहिरातीसाठी. वर्डप्रेसच्या प्लगइनांचा परवाना बहुधा असा असतो की त्यांची प्रत देणं-घेणं हा गुन्हा नाही. पण प्रत कुणाच्या हातून आली, हे बघायला नको का? रस्त्यावर मिळालेला लाडू तू खाशील?

नुसता प्लगइन काढून भागणार नाही, घाण इतर फाइलींतही गेलेली असते. प्लगइन टाकण्याआधीचा बॅकअप होस्टिंगवाल्याकडे (तुझी साइट ज्याच्या संगणकावर ठेवलेली आहे त्याच्याकडे) असेल तर तो परत चढव. नसेल तर वर्डप्रेस, थीम (साइटचं रूपडं ठरवणारा भाग) आणि सगळे प्लगइन अधिकृत जागेवरून नव्याने घे. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी अ‍ॅडमिन दिसेल, त्याला हाकल. सर्च कन्सोलमध्येही अनोळखी मालक घुसलेला असतो, तिथेही बघ. सगळे पासवर्ड बदल, होस्टिंगचा आणि डेटाबेसचाही. मग सर्च कन्सोलच्या सुरक्षा विभागात इशारा आला असेल तर फेरतपासणी माग. ती पानं यादीतून जायला वेळ लागेल. दिवाळीच्या आत हवं असेल तर आज रात्रीच बस.

प्रश्न : माझी साइट महिनाभर गूगलवर अजिबातच दिसत नाही. एक जण पंधरा हजारांत ‘पहिल्या पानावर हमखास’ आणतो म्हणतोय. देऊ का? (विलेपार्ले)

उत्तर : देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं.

मागे असणं आणि अजिबात नसणं यात फरक आहे. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून तुमचा पत्ता. एकही पान आलं नाही तर दुसरं काही करण्याआधी वर्डप्रेसच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रीडिंग’ उघडा. तळाला एक चौकट आहे, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाची. साइट बनवताना लोक तिथे टिक करतात आणि काढायला विसरतात.

लोक म्हणजे मी. आमच्या गल्लीतल्या मंडळाची साइट मी श्रावणात मोठ्या हौसेने बनवली. आरतीच्या वेळा, देखाव्याचे फोटो, रक्तदानाची नोंदणी, सगळं. शोधून कुणालाच सापडेना, तेव्हा मी तीन प्लगइन बदलले, शीर्षकं बदलली, कार्यकर्त्यांना ‘गूगलला वेळ लागतो’ असं ठणकावून सांगितलं. ती टिक मला दिसली तेव्हा खाली मांडवाचे बांबू सोडत होते.