अमेरिकेतल्या दाव्याचं समन्स पुण्यात कुरियरने आलं, ते परत पाठवलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत भाड्याने राहत होता, नोकरी गेली म्हणून करार संपायच्या आत घर सोडून पुण्याला आलात. घरमालकाने तिथल्या राज्याच्या कोर्टात ३८ हजार डॉलरचा दावा लावलाय. समन्स आणि दाव्याची प्रत कोथरूडच्या घरी कुरियरने आली, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर पीडीएफ. भाऊ म्हणतो, "पाकीट घेऊच नकोस, अमेरिकेच्या कोर्टाचा इथे काय संबंध?"

मी न्यू जर्सीत एका वकिलांच्या ऑफिसात ११ वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस, आहे. स्वतः वकील नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या वकिलाचाच घ्या. पण समन्स कसं बजावलं जातं आणि कुठे फसतं हे रोज बघते, म्हणून कळकळीने सांगते: भावाचं ऐकून गप्प बसू नका.

भावाच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. कोर्टाचा तुमच्यावर अधिकार चालतो का, ही एक. कागद तुम्हाला कायद्याच्या रीतीने पोचले का, ही दुसरी. पहिलीत तुमची बाजू कच्ची आहे, दुसरीत चांगली पक्की.

अधिकाराचं आधी. अमेरिकेत हा वाद ज्या खटल्यापासून शिकवतात तो आपल्याकडच्या कुणालाही ओळखीचा वाटेल. ओरेगन राज्यात मिचेल नावाच्या वकिलाने नेफ नावाच्या माणसावर ३०० डॉलरहून कमी फीसाठी दावा लावला. नेफ होता कॅलिफोर्नियात. नोटीस छापली स्थानिक वर्तमानपत्रात, जे त्याच्या नजरेस पडणं कठीणच. १८६६ साली एकतर्फी हुकूमनामा झाला, जमिनीचा लिलाव झाला, घेतली मिचेलनेच, आणि पुढे ती पेनॉयर नावाच्या माणसाकडे गेली. सातबाऱ्यावरचं नाव फिरल्याचं मागाहून कळावं, तसं नेफचं झालं. सुप्रीम कोर्टाने १८७८ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. राज्याबाहेरच्या माणसावर नुसत्या वर्तमानपत्रातल्या नोटिशीने पैशाचा हुकूमनामा लादता येत नाही, असं ठरलं.

पण कायदा तिथेच थांबला नाही. १९४५ च्या इंटरनॅशनल शू खटल्यापासून प्रश्न बदलला. माणूस आज राज्यात आहे का, यापेक्षा त्या राज्याशी त्याचा किमान संबंध आला होता का आणि दावा त्या संबंधातून उभा राहिलाय का, हे बघतात. तुमच्या बाबतीत घर न्यू जर्सीतलं, सही तिथे केलेली, भांडण त्याच घराच्या भाड्याचं. तुम्ही विमानात बसलात म्हणून करार तुमच्याबरोबर पुण्याला आला नाही. "कोर्टाला अधिकार नाही" यावर पैसे घालवू नका.

फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाचा प्रश्नच येत नाही. परदेशी नागरिक विरुद्ध अमेरिकन, एवढ्याच जोरावर तिथे जायचं तर दावा ७५ हजार डॉलरच्या वर लागतो.

आता बजावणी. आपल्याकडे बेलिफ येतो, तुम्ही नकार दिलात तर समन्स दारावर डकवून जातो. अमेरिकेत बहुतेक वेळा हे काम खाजगी माणूस करतो, त्याला प्रोसेस सर्व्हर म्हणतात. फेडरल नियमांत तर १८ वर्षं पूर्ण झालेला आणि दाव्यात पक्षकार नसलेला कुणीही कागद देऊ शकतो. माणूस राज्यात सापडला की तिथेच बजावणी चालते. १९९० च्या बर्नहॅम खटल्यात न्यू जर्सीचा एक बाप मुलांना भेटायला कॅलिफोर्नियात गेला आणि तिथे घटस्फोटाचे कागद हातात पडले. सुप्रीम कोर्टाने ते ग्राह्य धरलं. १९५९ मध्ये तर मेम्फिसहून डॅलसला निघालेल्या विमानात, आर्कान्सावरून उडताना केलेली बजावणी एका फेडरल कोर्टाने मान्य केली होती. तेव्हा पुढे कधी अमेरिकेत गेलात आणि कुणी पाकीट हातात दिलं, तर आज जो हेग कराराचा (परदेशात कोर्टाचे कागद कसे बजावायचे याचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं पुढे सांगते) मुद्दा तुमच्याकडे आहे तो त्या क्षणी संपतो.

कागद दिल्यावर सर्व्हर शपथपत्र करतो. कुणाला दिलं, किती वाजता, त्या व्यक्तीचं अंदाजे वय, उंची, केसांचा रंग. तो कागद मी कधीच वरवर वाचत नाही. आमच्याकडे नागपूरचे एक अशील आले होते, एकतर्फी हुकूमनामा होऊन बँक खातं अडकल्यावर. शपथपत्रात होतं: घरातल्या बाईला दिलं, वय ३५, केस सोनेरी. त्या दिवशी घरात एकटी त्यांची आई होती, सत्तरीची, पांढऱ्या केसांची, नऊवारी नेसणारी. आम्ही तिचा फोटो आणि पासपोर्टवरचे शिक्के जोडले आणि हुकूमनामा रद्द झाला. पण तोवर सात महिने त्या माणसाचे पैसे अडकून पडले होते, घरभाडं मित्रांकडून उसनं घेऊन भरत होता. कागद न देताच दिल्याची शपथ घेण्याला अमेरिकेत "गटारातली बजावणी" म्हणतात. न्यूयॉर्क शहरात सर्व्हरना जीपीएसची नोंद ठेवायला लावली ती याच प्रकारांमुळे.

तुमचा पत्ता भारतातला, म्हणून इथे १९६५ चा हेग करार लागतो. भारतात तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे, आणि सामील होतानाच भारताने टपालाने थेट बजावणी करण्याला हरकत नोंदवली. सरळ मार्ग असा: कागद दिल्लीत कायदा मंत्रालयाकडे जातात, तिथून जिल्हा न्यायालयाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत शिवाजीनगरला, आणि मग बेलिफ तुमच्या दारी. याला कित्येक महिने जातात. घरमालकाच्या वकिलाने हा फेरा टाळून कुरियर पाठवलं, ती त्याची चूक आहे. व्हॉट्सॲपचं मात्र गृहीत धरू नका. मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टाने २०१३ मध्ये भारतातल्या काही प्रतिवादींना ईमेल आणि फेसबुकवरून कागद पाठवायची परवानगी दिली होती, पण आधी अर्ज घेऊन आणि कारणं तपासून. स्वतःच्या मनाने पाठवलेल्या पीडीएफला तसा आदेश पाठीशी लागतो.

म्हणजे हरकत खरी आहे. पण ती न्यू जर्सीच्या कोर्टात, वेळेत आणि लेखी मांडावी लागते. बजावणी झाल्यापासून उत्तर द्यायला ३५ दिवस असतात. बजावणी सदोष असेल तर ते मोजलेच जाऊ नयेत, पण या भरवशावर राहू नका, कुरियर आलं तो दिवस पहिला धरा. उत्तरात हरकत लिहायची आणि त्यानंतर ९० दिवसांत तिच्यावर वेगळा अर्ज करायचा. नाही केला तर हरकत सोडून दिली असं समजतात. घरमालकाच्या वकिलाला रागाने ईमेल लिहिलात तर तो फक्त त्यांच्या फाइलला लागेल.

हरकत जिंकलात तरी दावा मरत नाही. करारावरच्या दाव्याला न्यू जर्सीत सहा वर्षांची मुदत आहे, घरमालक कागद दिल्लीमार्गे पुन्हा पाठवेल. "हुकूमनामा झाला तरी भारतात कोण वसूल करणार?" हेही अर्धंच खरं. ज्या देशांचे हुकूमनामे भारतात थेट वसूल करता येतात, त्यांच्यात (दिवाणी संहितेचं कलम ४४अ) अमेरिका नाही, म्हणून घरमालकाला थेट दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येत नाही. भारतात नवा दावा करावा लागेल, आणि तुमचं म्हणणं न ऐकता झालेल्या निकालाला कलम १३ खाली तुम्ही विरोध करू शकाल. पण न्यू जर्सीतला हुकूमनामा २० वर्षं जिवंत राहतो. तिथलं बँक खातं, करारावर जामीन म्हणून सही केलेला मित्र, उद्या पुन्हा मिळालेली तिथली नोकरी, हे सगळं त्याच्या टप्प्यात येतं.

आणि तुमचा खरा बचाव बजावणीत नाहीच. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सॉमर विरुद्ध क्रिडेल खटल्यात ठरवलंय की भाडेकरू मध्येच गेला तर घरमालकाने घर पुन्हा भाड्याने द्यायचा रास्त प्रयत्न केलाच पाहिजे, आणि तो केला हे सिद्ध करायची जबाबदारी त्याचीच. घर रिकामं ठेवून उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं तुमच्यावर टाकता येत नाही. हे सांगायला मात्र कोर्टात उभं राहावं लागतं, गप्प बसलेल्या माणसाचा हा बचाव कुणी वाचत नाही.

तर आज रात्री दोन कामं करा. कुरियरचं पाकीट फेकू नका, तारखेसकट दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि न्यू जर्सीत शेजारच्या फ्लॅटमधल्या जुन्या ओळखीच्यांना फोन करून विचारा, तुम्ही सोडलेल्या घरात नवे लोक कधी राहायला आले.