भयपटातली प्रेमकथा इतकी का ओढते? परभणीकडच्या पडक्या गढीत असा सिनेमा जमेल का?

ओढते, कारण इथं खरी भीती भुताची नसतेच. ज्याच्यावर जीव जडला त्यानं काय दडवलंय, याची असते. 'महल' (१९४९) बघा. अशोककुमार वाड्यात येतो, भिंतीवर हुबेहूब त्याच्याच चेहऱ्याची तसबीर, पाठोपाठ लताबाईंचा आवाज. भीती वाटते, पण त्यानं तिथून निघून जावं असं काही वाटत नाही. नांदेडला फिल्म क्लबात दाखवला तेव्हा मोबाईलवाली पोरंसुद्धा जागची हलली नाहीत. गढीचं म्हणाल तर जमेल, पण छप्पर उडालेल्या, उन्हात उघड्या पडलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंतींत नाही. राहता वाडा हवा: कुलूपबंद माडी, धान्य साठवायचं अंधारं बळद, आणि किल्ली नेमकी नवऱ्याच्या कमरेला.