पेन रिहॅबला जायचं का? एकदा पळून आलेल्या आणि एकदा पूर्ण केलेल्या माणसाकडून

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. कमरेच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली तरी कंबर ठणकते, डाव्या पायातून सणक जाते. इंजेक्शनं झाली, गोळ्या चालूच आहेत आणि आता डॉक्टरांनी तीन आठवड्यांच्या पेन रिहॅबचं, म्हणजे जुनं दुखणं सोबत घेऊन हालायला-वावरायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाचं, नाव काढलंय. तुमची धास्ती तीन गोष्टींची आहे. 'दुखणं मनाचं आहे' असं ठरवून तिकडे ढकलताहेत का, गोळ्या काढून घेतील का, आणि व्यायामाने आहे तेही बिघडेल का.

माझं दुखणं अकरा वर्षांचं. असा कार्यक्रम मी सात वर्षांपूर्वी पुरा केला आणि त्याच्या दीड वर्ष आधी एक अर्धवट टाकून पळूनही आलो. पळून आलो त्याने मला जास्त शिकवलं, म्हणून तिथूनच सांगतो.

त्या वेळी माझ्या पिशवीत पुढच्या महिन्याची एका दुसऱ्या सर्जनची अपॉइंटमेंट होती. घरच्यांनी आग्रह केला म्हणून मी रिहॅबला गेलो, पण डोळे त्या तारखेवर. फिजिओथेरपिस्टने पाय उचलायला सांगितला की मनात यायचं, आता ऑपरेशन होणारच आहे, मग आत्ता कशाला जिवाला त्रास? समुपदेशक बोलायला बसायची तेव्हा मी मान डोलवायचो आणि आत काही शिरायचं नाही. सहाव्या दिवशी दुखणं भडकलं, मी सामान उचललं. महिन्याभराने त्या सर्जनने दहा मिनिटांत सांगितलं की कापण्यासारखं काही नाही. तिथे कुणी मला वाईट वागवलं नव्हतं. मीच दोन होड्यांत पाय ठेवून बसलो होतो.

म्हणून तुमच्या तीन शंकांच्या आधी माझा एक प्रश्न. तुमचा शोध संपलाय का? कारण शोधायचं राहिलंच असेल तर आधी ते उरका. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत जाणं, यांपैकी काही असेल तर रिहॅबचा विचार बाजूला ठेवून आजच्या आज डॉक्टर गाठा. उगाच वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं नवं दुखणं यांचीही तपासणी आधी. ऑपरेशननंतर काही सैल झालंय का, नस दबली आहे का, हे सर्जनकडून एकदा स्पष्ट शब्दांत विचारून घ्या, जमलं तर लिहून घ्या. 'करण्यासारखं आणखी काही शिल्लक आहे का?' एवढाच प्रश्न. उत्तर 'नाही' आलं तर ते ऐकायला जड जातं, मला दोन आठवडे लागले पचायला. पण त्या 'नाही'शिवाय रिहॅबला जाण्यात अर्थ नाही.

आणि एमआरआयच्या रिपोर्टवर फार विसंबू नका. २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला होता. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन त्यात होते. विशीतल्या साधारण ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्के. म्हणजे 'झीज' हा शब्द रिपोर्टात आहे म्हणून तीच तुमच्या दुखण्याचं कारण, असं होत नाही. माझ्याकडे असे पाच रिपोर्ट होते. मी ते फाईलमध्ये लावून प्रत्येक डॉक्टरसमोर उघडायचो, जणू साक्षीदार हजर करतोय.

आता 'मनाचं दुखणं' या शंकेकडे. ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण माझ्या ओळखीतले निम्मे लोक त्या एका शब्दामुळे गेलेच नाहीत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यात वेदना हा शरीराला जाणवणारा आणि त्याच वेळी भावनेचाही अनुभव म्हटला आहे, आणि ऊतींना इजा दिसत नसली तरी तो खरा असू शकतो हेही धरलं आहे. दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की त्याला दीर्घकालीन म्हणतात, आणि तोवर अनेकदा मूळ जखमेपेक्षा नसा आणि मेंदू यांचं काम बदललेलं असतं. सैल झालेली कडी वाऱ्यानेही वाजते आणि घरातल्यांना वाटतं कुणी आलं. कडीचा आवाज खोटा नसतो, दारात मात्र कुणी नसतं. रिहॅबमध्ये समुपदेशक असतो तो तुम्ही सोंग करताय म्हणून नव्हे. त्याच आवाजावर भीती, राग, झोप यांचा ताबा असतो म्हणून.

वेदनेवर अनेक शाखांच्या लोकांनी एकत्र काम करावं, ही कल्पना जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाने लावून धरली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्याच्या लक्षात आलं की एकट्या डॉक्टरच्या हातून हे आवरत नाही. बोनिका तरुणपणी कुस्त्या करायचा आणि त्या कुस्त्यांची दुखणी त्याला आयुष्यभर पुरली. हे वाचलं तेव्हा मला जरा धीर आला होता. हे स्वतःच्या अंगात दुखणं असलेल्या माणसाला सुचलेलं आहे. पुढे बोनिका अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या ज्या विद्यापीठात होता, तिथेच विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने वेगळीच गोष्ट पाहिली. दुखलं की विश्रांती, दुखलं की गोळी, दुखलं की घरच्यांची धावपळ, असं चालू राहिलं की माणूस नकळत त्या चक्राला बांधला जातो. म्हणून गोळीही दुखण्यावर न देता घड्याळावर द्यायची, व्यायामही 'दुखेपर्यंत' न करता ठरलेल्या आकड्यापर्यंत. आजचे बरेच कार्यक्रम याच पायावर उभे आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं असं केंद्र १९७४ पासून चालू आहे, आणि 'तीन आठवडे' ही मुदत तुम्हाला ऐकू येते तीही तशाच केंद्रांची.

तिथे दिवस कसा जातो, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या वेळी मी गेलो होतो तिथे सकाळी फिजिओथेरपी, मग ऑक्युपेशनल थेरपी (म्हणजे वाकणं, उचलणं, टेबलाशी बसणं अशी रोजची कामं नव्या पद्धतीने शिकणं), दुपारी गटात बसून चर्चा, नंतर श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव, आणि झोपेबद्दल एक तास. दुखण्याचा आकडा दिवसभर कुणी विचारत नाही. पहिल्या दोन दिवशी मला हा अपमान वाटला. अहो, दहापैकी आठ दुखतंय आणि ही तिथली थेरपिस्ट मुलगी विचारतेय, काल किती मिनिटं बसलात? तिसऱ्या दिवशी कळलं की 'किती दुखतंय' हा प्रश्न दिवसातून वीस वेळा मीच स्वतःला विचारत होतो.

तुमच्या व्यायामाच्या भीतीचं उत्तरही त्याच मुलीने दिलं. माझी सवय अशी की बरं वाटलं त्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस आडवं पडायचं. ओळखीचं वाटतंय? तिने मला सलग पाच दिवस नुसतं बसायला लावलं आणि दुखणं वाढायच्या आत मी किती वेळ बसू शकतो ते मोजलं. सरासरी पंधरा मिनिटं निघाली. मग म्हणाली, आता रोज बारा मिनिटं बसायचं. चांगल्या दिवशी बारा, वाईट दिवशीही बारा. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवू. चांगल्या दिवशी बाराव्या मिनिटाला उठणं हे माझ्यासाठी त्या कार्यक्रमातलं सगळ्यात अवघड काम होतं.

दुखणं मधे भडकतं, हे खरं. माझं दुसऱ्या आठवड्यात दोनदा भडकलं. पण या वेळी भडकलं तेव्हा काय करायचं याचा कागद आधीच लिहून ठेवला होता: वेळ निम्मी करायची, पूर्ण थांबायचं नाही, दोन दिवसांनी पुन्हा मूळ आकड्यावर यायचं. दुखणं वाढलं म्हणजे इजा झालीच असं नसतं, हे मी पन्नास वेळा ऐकलं होतं. अंगाला पटलं ते तेव्हा.

इथे एक अपवाद जोर देऊन सांगतो. थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगातलं बळच निघून जातं, झोपूनही भरून येत नाही, असं ज्यांना होतं त्यांनी आधी एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोमची (न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराची) तपासणी करावी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये त्या आजारासाठी ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याचे व्यायाम देऊ नयेत असं सांगितलंय. तो आजार असलेल्यांनी सरसकट रिहॅबला जाऊ नये. ज्यांचे सांधे जन्मतः सैल असतात त्यांनीही फिजिओथेरपिस्टला त्यातलं कळतं का ते आधी विचारावं. आणि जगणंच नको असे विचार येत असतील, तर तीन आठवडे थांबू नका. ते आधी डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांचं म्हणाल तर भीती अगदीच निराधार नाही. बऱ्याच केंद्रांत ओपिऑइड (अफूच्या वर्गातल्या वेदनाशामक) गोळ्या कमी करत नेणं हा कार्यक्रमाचाच भाग असतो. त्याला कारण आहे: दीर्घकाळ घेतल्यावर काही जणांत त्याच गोळ्या नसांना जास्त हळवं करतात. पण कमी करणं आणि एकदम तोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये एकदम बंद करण्याविरुद्ध इशाराच दिला होता. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रिगाबालिन, गॅबापेंटिनही झटकन सोडायच्या गोळ्या नव्हेत. म्हणून नाव घालण्यापूर्वी केंद्राला फोन करून सरळ विचारा: माझ्या या या गोळ्या आहेत, त्यांचं काय करणार, किती आठवड्यांत, कोण लक्ष ठेवणार, आणि मला जमलं नाही तर? याचं नीट उत्तर मिळालं नाही तर मी तरी जाणार नाही. माझी एक गोळी पूर्ण सुटली, एक अजून रात्री घेतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारा. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ हे तिघं तुमच्याबद्दल एकमेकांशी बसून बोलतात का? 'रिहॅब' अशी पाटी लावून नुसती इंजेक्शनं आणि शेकाची मशीन चालवणारी ठिकाणंही आहेत. आणि संपल्यावर पुढे काय, कुणी फोन करतं का, महिन्याने परत बोलावतात का?

परिणामाबद्दल खोटी आशा लावत नाही. कंबरदुखीवरच्या अशा कार्यक्रमांच्या ४१ चाचण्यांचा आढावा, जवळपास सात हजार रुग्णांचा, आला आहे. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत दुखणं दहाच्या मोजपट्टीवर सरासरी साधारण अर्धा ते दीड अंक कमी. फार नाही. हालचाल थोडी सुधारते, आणि निव्वळ शारीरिक उपचार घेतलेल्यांपेक्षा कामावर परतणारे जास्त. माझं दुखणं आजही आहे, आज सहा असेल. पण तेव्हा मी पंधरा मिनिटं बसत होतो, आता माझ्या मुलीच्या शाळेच्या नाटकाला दीड तास बसतो, मधे एकदा उठून मागे भिंतीला टेकतो. तुम्हाला दुखणं जावं हेच हवं असेल, आणि तसं वाटण्यात गैर काहीच नाही, तर तिथून निराश होऊन याल. अमुक एक गोष्ट पुन्हा करता यावी असं काही डोळ्यांसमोर असेल तर जा. ते काय, ते आधीच कागदावर लिहा. 'नॉर्मल व्हायचंय' असं नको. 'जिना चढून मैत्रिणीकडे जायचंय' असं.

शेवटचं, घरच्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की मिस्टर तुम्हाला काहीच उचलू देत नाहीत. प्रेमापोटीच, पण तेच चौथ्या आठवड्यात आडवं येणार. माझ्या बायकोने मी परत आल्या दिवशी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मी काही न बोलता देऊन टाकली. तीन आठवडे तिथेच थोडे सैल झाले. बऱ्याच केंद्रांत घरच्यांसाठी एक-दोन सत्रं असतात. ती टाळू नका, मिस्टरांना काम सोडून का होईना, घेऊन जा. तुम्ही तोंड वाकडं केलंत की त्यांनी धावत यायचं की नाही, हे तिथल्या माणसासमोर ठरलेलं बरं. घरी ठरवायला गेलं की भांडण होतं, हे स्वानुभवाने सांगतोय.

आधी सर्जनला तो एक प्रश्न विचारून या. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहा, मग कुठलं केंद्र आणि कधी ते बोलू.